मॅकरोनीची कुळकथा



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण एक बोल माझ्या मनात वर्षभर सलत होता, तो निघाला तर निघावा म्हणून लिहावयास बसले.

गेल्या वर्षी आपल्या मंडळात ‘कमी खर्चातले नवे पदार्थ’ असा कार्यक्रम झाला. मी भाजलेली मॅकरोनी करून दाखविली. पाव किलो मॅकरोनी, अर्धा लिटर दूध, थोडे चीज आणि घरातल्या भाज्या एवढ्यात चार माणसे पोटभर जेवतात, हे मला दाखवावयाचे होते. पदार्थ चांगला झाला, बशा रिकाम्या झाल्या. पण हात धुताना एक भगिनी म्हणाल्या, “वहिनी, छान झाले हो. पण हे बड्या लोकांचे खाणे. ज्यांच्या घरी भट्टी, त्यांनी करावे. आपण आपले थालीपीठ थापावे.” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर सुचले नाही. खरेच का हे बड्या लोकांचे खाणे? मग वाचनालयातून पुस्तके आणली, इंग्रजीशी अडले तिथे मुलीला वाचून सांगावयास लावले, आणि जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मॅकरोनी मार्को पोलोने चीनहून इटलीत नेली, असे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. मार्को पोलो प्रवासाहून व्हेनिसला परतला इ. स. १२९५ मध्ये. आणि जेनोव्हा शहरात १२७९ सालचा एक कागद आहे. एका शिपायाच्या मालमत्तेची ती यादी. तीत ‘मॅकरोनीने भरलेली एक पेटी’ नोंदलेली आहे. म्हणजे पोलो घरी येण्याच्या सोळा वर्षे आधीच इटलीतला एक साधा शिपाई मॅकरोनीची पेटी बाळगून होता. मला त्या पेटीचे फार अप्रूप वाटले. आपण नाही का उन्हाळ्यात शेवया, कुरडया करून डबे भरून ठेवीत? मालमत्तेच्या यादीत आपले डबे कोणी लिहिले नाहीत इतकेच.

त्याहीपूर्वी, ११५४ साली, अल् इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने सिसिलीच्या राजा रॉजरसाठी एक ग्रंथ पुरा केला. त्यात तो सांगतो की पालेर्मोजवळ त्राबिया म्हणून गाव आहे, तिथे ‘इत्रिया’ नावाच्या शेवया इतक्या होतात की जहाजे भरभरून त्या मुसलमानांच्या आणि ख्रिस्त्यांच्या मुलखांत जातात. त्राबियाला वाहते पाणी होते, पाणचक्क्या होत्या आणि भोवती गहू पिकत होता. हा गहू कठीण दाण्याचा. त्याचा रवा पिवळसर पडतो आणि उकळत्या पाण्यात त्याचा लगदा होत नाही. आपल्याकडचा बन्सी गहू तो याच जातीचा. आपल्या आज्या शेवयांना बन्सीचाच रवा का मागत, याचे उत्तर मला त्राबियाच्या गोष्टीत मिळाले.

आता भाजण्याकडे वळू, कारण वाद आहे तो भट्टीचा.

१३०० च्या सुमारास नेपल्सच्या दरबारात लिहिला गेला असे मानतात असा एक लॅटिन पाकग्रंथ आहे. त्यात लसानिया करावयास सांगितली आहे: कणीक पातळ लाटावी, तीन बोटे रुंदीचे चौकोन कापावे, उकडावे, मग एक थर चौकोनांचा, त्यावर किसलेले चीज आणि मसाल्याची पूड, पुन्हा थर, असे भांडे भरेपर्यंत करीत जावे. थराची कल्पना ही इतकी जुनी. पण ती दरबारची होती, कारण त्या काळी मसाले म्हणजे सोन्याच्या तोलाची वस्तू. पुढे सोळाव्या शतकात तर श्रीमंत लोक मॅकरोनीवर चीजबरोबर साखर आणि दालचिनी पेरीत. वाचून आपल्याला नवल वाटेल, पण आपणही शेवयांना गूळ-दूध घालतोच की.

दरबारी मॅकरोनीचा कळस म्हणजे ‘तिंबालो’. या शब्दाचा अर्थ नगारा. पिठाच्या पारीचा नगाऱ्यासारखा डबा करावयाचा, आत मॅकरोनी, कोंबडीचे मांस, काळीज, उकडलेली अंडी, काय काय भरून तो भट्टीत खरपूस भाजावयाचा आणि अख्खा पानात आणावयाचा. लांपेदूसा या सिसिलीच्या सरदाराची ‘इल गातोपार्दो’ ही कादंबरी त्याच्या मरणानंतर १९५८ साली निघाली. तीत १८६० सालच्या एका मेजवानीचे वर्णन आहे. सुरी घालताच तिंबालोतून आधी वाफ आणि दालचिनीचा वास निघतो, मग आतला ऐवज दिसू लागतो. पाहुणे गावातले साधे लोक. ते मनातून धास्तावलेले असतात की आता परकी रीत म्हणून आधी सूप वाढतील. तिंबालो येताना पाहून त्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या भगिनींचे म्हणणे इथवर अगदी खरे. हे बड्यांचेच खाणे होते.

परंतु त्याच मुलखात मॅकरोनीचे दुसरे घराणे वाढत होते.

नेपल्सच्या लोकांना पूर्वी ‘पाला खाणारे’ म्हणून चिडवीत, कारण गरिबांचे जेवण म्हणजे कोबीसारखी पालेभाजी आणि थोडे मांस. सतराव्या शतकात तिथे स्पेनच्या राजाचा अंमल होता. शहरात माणसांची दाटी झाली, मांस महागले, पाल्यावर पोट भरेना. त्याच सुमारास पीठ मळण्याचे यंत्र आणि मॅकरोनी पाडण्याचा मोठा सोऱ्या यांचा प्रसार झाला. होय, सोऱ्याच. आपल्या चकलीच्या सोऱ्याचा हा थोरला भाऊ; पितळेच्या भोकांच्या चकतीतून पीठ दाबून काढणारा. हाताने जे दिवसभर होत नसे ते तासाभरात होऊ लागले, मॅकरोनी स्वस्त झाली, आणि ‘पाला खाणारे’ लोक ‘मॅकरोनी खाणारे’ झाले. जर्मन कवी गटे १७८७ साली नेपल्सला गेला होता. तोही लिहून गेला आहे की मॅकरोनी इथे कुठल्याही दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते, आणि ती बहुधा नुसती पाण्यात शिजवून वर किसलेले चीज घालून खातात. नाक्यानाक्यावर मोठ्या कढया उकळत असत आणि लोक हातानेच, मान वर करून, ती तोंडात सोडीत.

नाक्यावर का, तर घरी सरपण महाग आणि खोल्या लहान. जिथे चूलच धड नाही तिथे भट्टी कुठली? मग स्वस्त मॅकरोनी गरिबाघरी भाजली कशी गेली, हा प्रश्न मला पडला. पुस्तकांत राजेरजवाडे पानोपानी, पण या प्रश्नाला ओळभर जागा नाही. शेवटी उत्तर मिळाले ते आर्तूझी नावाच्या गृहस्थाकडून.

पेल्लेग्रीनो आर्तूझी हा रेशमाचा व्यापारी. म्हातारपणी, १८९१ साली, त्याने इटलीतल्या घरगुती स्वयंपाकाचे पुस्तक पदरमोड करून छापले. आरंभी ४७५ कृती होत्या. बायका पत्रांनी नव्या नव्या कळवीत गेल्या आणि शेवटच्या आवृत्तीत त्या ७९० झाल्या. या पुस्तकात ठिकठिकाणी ‘गावठी भट्टी’त भाजा असे सांगितलेले आहे. ही गावठी भट्टी म्हणजे काय? तर झाकणाचे एक धातूचे भांडे. भांडे विस्तवावर ठेवावयाचे आणि झाकणावरही निखारे पसरावयाचे. खाली विस्तव, वर विस्तव.

हे ऐकले आणि मी मुलीला म्हटले, “थांब, पुन्हा वाच.” अगं, ही तर माझ्या आजीची नानकटाई! पितळी पातेल्यात वाळू, वाळूवर थाळी, थाळीत नानकटाई, वर परात आणि परातीत निखारे. आमच्या घरी भट्टी कधीच नव्हती आणि दिवाळीची नानकटाई कधी चुकली नाही. त्या भगिनींना द्यावयाचे उत्तर माझ्या आजीच्या परातीत होते आणि मी ते वर्षभर परक्या पुस्तकांत शोधीत होते.

आर्तूझीची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मंडळाशी जुळते. स्वतः हा मनुष्य चुलीपुढे किती बसला असेल कोण जाणे. कृती करून पाहणारी, चुकल्या तर पुन्हा करणारी बाई होती त्याची घरकामकरीण मारिएत्ता साबातीनी. पुस्तकात एका गोड पावाला त्याने तिचे नाव दिले आहे. आर्तूझी १९११ साली वारला तेव्हा त्याने पुस्तकाचे हक्क मारिएत्ता आणि स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफिल्ली या दोघांना लिहून दिले. त्याच्या जन्मगावी, फोर्लिंपोपोलीत, आज त्याच्या नावाची पाकसंस्था आहे. तिथे हाताने पोळी लाटून मॅकरोनीचे प्रकार शिकविणाऱ्या गावातल्या बायका स्वतःला ‘मारिएत्ता’ म्हणवितात. साऱ्या मॅकरोनीच्या इतिहासात घरकामकरणीचे नाव असे राहिलेले मला हे एकच सापडले. एरवी पांढऱ्या सॉसचेच पाहा ना. दूध, लोणी आणि पीठ यांचा हा सॉस. त्याला नाव मिळाले फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या बेशामेल नावाच्या कारभाऱ्याचे. त्याने कधी दुधातल्या गुठळ्या मोडल्या असतील असे मला वाटत नाही.

गरिबाघरच्या काटकसरीच्या युक्त्या मात्र पाहण्यासारख्या आहेत. दक्षिण इटलीत चीज परवडले नाही की शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून मॅकरोनीवर घालीत. वरून तोच रंग, तोच कुरकुरीतपणा. आदल्या दिवशी उरलेली मॅकरोनी अंड्यात कालवून तव्यावर जाड थापीत, की झाला दुसऱ्या दिवशीचा डबा. सिसिलीत वांगी तळून थरात घालतात. वांग्याने भांडे भरते आणि मांसाची आठवण होत नाही. टोमॅटो तर अमेरिकेतून आलेला; मॅकरोनीशी त्याची सोयरीक जमावयास फार दिवस लागले. नेपल्सच्या काव्हाल्कांती नावाच्या उमरावाने १८३९ साली टोमॅटो घातलेल्या शेवयांची कृती छापली, आणि ती मुद्दाम नेपल्सच्या बोलीभाषेत, घरगुती पदार्थांच्या भागात. तोवर घरोघरी ती होतच असणार.

इंग्लंड-अमेरिकेत हा पदार्थ गेला तो पुन्हा बड्यांच्या दाराने. इंग्लंडात १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड या बाईने पुस्तक काढले. ती आधी एका मोठ्या घरी कारभारीण होती, मग मँचेस्टरला स्वतःचे दुकान चालवीत असे. तिने चार औंस मॅकरोनी, साय आणि पिठात घोळलेले लोणी एकत्र शिजवून वर भाजलेले चीज घालावयास सांगितले आहे. अमेरिकेत १८०२ साली अध्यक्ष जेफर्सन यांच्या मेजवानीत मॅकरोनीचा पदार्थ होता, म्हणून लोक त्याचे कौतुक करतात. पण जेफर्सनने पॅरिसला नेऊन ज्याला फ्रेंच स्वयंपाक शिकविला तो जेम्स हेमिंग्ज हा त्याचा गुलाम होता. तुझ्या जागी दुसऱ्याला तयार कर, मग तुला मोकळे करीन, असा १७९३ साली करार झाला. जेम्सने आपल्या भावाला, पीटरला, शिकविले आणि १७९६ साली तो सुटला. भाऊ स्वयंपाकघरात अडकलाच. ही हकीकत वाचून त्या दिवशी मला चीज किसवेना.

व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ या बाईंच्या १८२४ सालच्या पुस्तकात मात्र आजची कृती जवळजवळ जशीच्या तशी आहे. मॅकरोनी उकडावी, ताटात चीज-लोणी आणि मॅकरोनीचे थर द्यावे, कडक भट्टीत वीस ते तीस मिनिटे भाजावी. या बाई मोठ्या घरच्या. पण दिवस फिरले आणि त्यांना खाणावळ चालवावी लागली. तिथेही गुलाम माणसे राबत होतीच, हे विसरून चालणार नाही.

मग १९३० साली गंमत झाली. इटलीत मारिनेत्ती नावाच्या कवीने जाहीर केले की मॅकरोनी बंद करा, तिने राष्ट्र सुस्त आणि निराश होते. मुसोलिनीचे राज्य होते, बाहेरून येणारा गहू कमी करावयाचा होता, म्हणून पुष्कळांनी माना डोलावल्या. नेपल्सच्या नगराध्यक्षांनी उत्तर दिले की स्वर्गातले देवदूत टोमॅटो घातलेल्या शेवयाच खातात. आणि लाक्विला गावच्या बायकांनी सह्या करून मॅकरोनीच्या बाजूने विनंतीपत्र धाडले. त्या बायकांची नावे मला कुठे मिळाली नाहीत. पण कवी हरला. मॅकरोनी घरोघरी शिजत राहिली.

त्यानंतर लौकरच अमेरिकेतल्या मंदीत, १९३७ साली, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजची पूड एका खोक्यात घालून १९ सेंटला विकावयास काढली, चार माणसांचे जेवण म्हणून. लढाईत मांस आणि दूध मिळेना तेव्हा रेशनच्या एका कुपनावर दोन खोकी मिळत. इंग्लंडात तर १९४१ साली चीजचे रेशन सुरू झाले ते माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. एवढ्यात घरभर पुरवावयाचे म्हणजे ते पांढऱ्या सॉसात विरघळवून मॅकरोनीवर पसरणे हाच मार्ग. तिथले रेशन १९५४ पर्यंत चालले. आपल्या देशातही टंचाईच्या त्या काळात, १९५० नंतर, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेने टॅपिओका, भुईमुगाचे पीठ आणि रवा यांची मॅकरोनी काढली होती. हेतू हा की तांदूळ कमी पडला तर पोट भरावे आणि अंगी लागावे. राजाच्या पानातला पदार्थ अखेर रेशनच्या पिशवीत आला तो असा.

आता माझी सुधारलेली कृती. भट्टी नको. पाव किलो मॅकरोनी भरपूर खारट पाण्यात उकडावी, किंचित कच्ची असतानाच चाळणीत ओतावी. भाजताना ती आणखी मऊ होते. दोन मोठे चमचे तुपात दोन चमचे मैदा मंद विस्तवावर परतावा, वास सुटला की भांडे खाली उतरवून अर्धा लिटर गार दूध थोडेथोडे घालीत ढवळावे. गार दुधाने गुठळ्या होत नाहीत. पुन्हा गॅसवर ठेवून पळीला चिकटेपर्यंत आटवावे, मीठ-मिरपूड घालावी. कांदा, तीन टोमॅटो, गाजर, मटार, वांगे असेल तर वांगे, वेगळे परतून घ्यावे. तूप लावलेल्या डब्यात थर द्यावे: मॅकरोनी, भाजी, सॉस. चीज ५० ग्रॅम पुरे, तेही फक्त वरच्या थराला; त्यात दोन शिळ्या पावांचा चुरा मिसळावा. जाड कढईत तळाला मीठ पसरून, वर कडे ठेवून, झाकून दहा मिनिटे तापवावी, मग डबा आत ठेवावा. वीस मिनिटे मंद गॅस. शेवटी दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा कडकडीत तापवून, सांडशीने धरून, झाकणाच्या जागी ठेवावा. निखाऱ्याचे काम तवा करतो. पाच-सात मिनिटांत वरचा थर बदामी होतो.

परवा मंडळाच्या बैठकीच्या दिवशी मी ती अशी केली आणि कढई झाकणासकट तशीच घेऊन गेले. त्या भगिनी आल्या होत्याच. तवा उचलला तेव्हा एका अंगाची कड जरा करपली होती, कारण तिथे मीठ पातळ पसरले गेले होते. त्यांनी नेमकी तीच कड उलथन्याने खरवडून घेतली, खाल्ली, आणि म्हणाल्या, “मिठाऐवजी वाळू चालेल का हो? गावी आमच्याकडे चूल आहे, आणि आईची परात अजून आहे.”

चालते. वाळू मात्र आधी चाळून, धुऊन, खडखडीत वाळवून घ्यावी.